लग्नाआधी फिटच्या गोळ्या बंद कराव्यात का?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

मी २६ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. अकरावीत असताना सकाळी उठल्यावर हातांना झटके बसायचे, हातातला कप उडून पडायचा. बारावीच्या परीक्षेत जागरणं झाली आणि मोठी फिट आली. न्यूरोच्या डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला आणि ‘जेएमई’ प्रकारची एपिलेप्सी असल्याचं सांगितलं. तेव्हापासून व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. गेली तीन वर्षं एकही फिट नाही. आता साखरपुडा झालाय, लग्न चार महिन्यांवर आहे. मुलाकडच्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणते, “तीन वर्षं काही झालं नाही म्हणजे तू बरी झालीस. लग्नाच्या महिनाभर आधी गोळ्या बंद कर.” मावशीने एका वैद्याचं चूर्ण आणून दिलंय. मी स्वतः वाचलंय की या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येतं, त्यामुळे मलाही त्या नकोशा झाल्यात. गोळ्या कशा कमी करू? आणि बंद करता आल्या नाहीत, तर सासरी कोणाला न कळता कशा घेऊ?

उत्तर:

सगळ्यात आधी हे. तू अजून गोळ्या कमी केल्या नसशील अशी मला आशा आहे. केल्या असशील, तर उद्या सकाळीच तुझ्या डॉक्टरांना फोन कर आणि नेमक्या किती दिवसांपासून किती कमी केल्या ते सांग. स्वतःहून आणखी कमी करू नकोस, आणि भरून काढायचं म्हणून दुप्पटही घेऊ नकोस.

आता आईच्या म्हणण्याकडे वळू. तीन वर्षं फिट नाही म्हणजे आजार गेला, असं कोणालाही वाटेल. एपिलेप्सीच्या काही प्रकारांत, विशेषतः लहान वयातल्या काही प्रकारांत, दोन-तीन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर खरोखरच गोळ्या हळूहळू उतरवून बघतात. शेजारच्या कोणाच्या तरी मुलाच्या गोळ्या अशा सुटलेल्या आईने पाहिल्याही असतील. तुझा प्रकार मात्र वेगळा आहे. जेएमई, म्हणजे जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, गोळ्यांना फार छान दाद देते, आणि गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांत परत डोकं वर काढते. कधी काही आठवड्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांनी. तुझी तीन शांत वर्षं म्हणजे नदीला पाणी असतानाही बांध नीट उभा असल्याची खूण आहे. गोळ्या एकदम तोडल्या तर फिट नुसती परत येते असंही नाही, एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. त्यात जिवाला धोका असतो. ही भीती घालायची म्हणून लिहीत नाही. ‘महिनाभर आधी बंद कर’ या सल्ल्यात नेमकं काय पणाला लागतं ते तुला आणि आईला माहीत असायला हवं.

आणि वेळ कोणती निवडली आहे ते बघ. जेएमईला सर्वांत जास्त काय चेतवत असेल तर अपुरी झोप. लग्नाच्या आठवड्यात पाहुणे, मेंदी, हळद, पहाटेचं उठणं, बोहल्यावर जाईपर्यंतचा उपास, मग वरात, मग देवदर्शनाचा रात्रीचा प्रवास. गोळी घेत असतानाही जो आठवडा जपून काढावा लागेल, नेमक्या त्याच आठवड्यात गोळी काढून घ्यायची म्हणजे आईला ज्याची धास्ती आहे तेच मांडवात घडवून आणण्यासारखं आहे. आईला हे शांतपणे समजावून सांग. तिचा हेतू तुझ्या सुखाचाच आहे, म्हणून तिला ते पटण्याचीही शक्यता आहे.

बाळाबद्दलची तुझी भीती मात्र खरी आहे. ती कोणी ‘नेटवर काहीही लिहितात’ म्हणून उडवून लावली तर ऐकू नकोस. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या साधारण १०० मातांमागे १० बाळांत जन्मजात मोठं व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण १०० मागे २ ते ३ असतं. पाठीच्या कण्याचे दोष, हृदयाचे दोष, फाटलेला टाळू, असे ते प्रकार. शिवाय अशा १०० मुलांपैकी ३० ते ४० जणांना पुढे बोलणं, चालणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येऊ शकतात. डोस जितका मोठा तितका धोका जास्त. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकाने २०१८ साली या औषधावर कडक बंधनं घातली: मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीला दुसरं काही चालत असेल तर हे द्यायचं नाही, आणि दिलंच तर खात्रीचं गर्भनिरोधन सोबत हवं.

तुझी भीती बरोबर, पण त्यातून तू काढलेला निष्कर्ष चुकतोय. ‘ही गोळी बाळासाठी धोक्याची’ यापुढचं वाक्य ‘म्हणून गोळीच नको’ असं होत नाही. गरोदरपणात मोठी फिट आली, आई पोटावर पडली, किंवा बराच वेळ फिट थांबली नाही, तर त्याचा धोका आई आणि बाळ दोघांनाही आहे. तुझ्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: माझ्या प्रकारच्या एपिलेप्सीला चालेल आणि बाळासाठी जास्त सुरक्षित असेल अशी दुसरी गोळी मला देता येईल का? लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन या दोन औषधांचा गरोदरपणातला अनुभव व्हॅल्प्रोएटपेक्षा कितीतरी दिलासा देणारा आहे. यातलं तुला कोणतं, हे डॉक्टरच ठरवतील. लॅमोट्रिजिनने काहींचे सकाळचे झटके वाढतात. ते व्हॅल्प्रोएटसोबत सुरू करायचं असेल तर फार कमी मात्रेपासून, फार हळू वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, मन उदास होतं. नव्या नवरीची चिडचिड झाली की ‘सासरी रुळत नाही’ असं सगळे म्हणतात, औषधाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुझं मात्र जाऊ दे, आणि ते डॉक्टरांना सांग. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं.

गोळी बदलायला वेळ लागतो. नवी चढवायची, जुनी उतरवायची, मग काही महिने थांबून फिट ताब्यात आहे का ते बघायचं. आणि बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं न येतं तोवर. तेव्हा ‘दिवस गेले की मग डॉक्टरांकडे जाऊ’ असं ठरवलं तर उशीर झालेला असतो. बदल पूर्ण होईपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही, आणि फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासूनच सुरू करायची; तिची मात्रा डॉक्टर सांगतील. मात्र चुकून दिवस राहिलेच, तर घाबरून गोळी बंद करायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

गर्भनिरोधनाबद्दल इतर वाचकांसाठीही लिहिते, कारण हे फारच थोड्या जणींना सांगितलं जातं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांसारख्या जुन्या औषधांमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा असर कमी होतो, ‘इमर्जन्सी’ गोळीचाही. व्हॅल्प्रोएटमुळे तसं होत नाही. लॅमोट्रिजिनचं उलट आहे: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनचंच रक्तातलं प्रमाण घसरतं आणि फिट येऊ शकते. तांबीला यातल्या कशाचाच अडथळा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरोचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दाखवली की हा गुंता सुटतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ‘कोणाला न कळता कशा घेऊ?’ यावर मला एकही युक्ती सुचवायची नाही. गोळीचा रंग, डबा, पर्सचा चोरकप्पा हे सगळं जमेल, पण फिटच्या गोळ्या लपवून सुरक्षितपणे घेता येत नाहीत. पाहुण्यांसमोर उठता आलं नाही म्हणून डोस चुकतो. माहेरी जाऊन स्ट्रिप आणता आली नाही म्हणून चार दिवस खंड पडतो. तापाला फॅमिली डॉक्टर औषध लिहून देतात, सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, आणि आपण कोणती गोळी घेतो ते तू सांगू शकत नाहीस. वर सांगितलेलं गर्भनिरोधन नवऱ्याला न सांगता कसं करणार? आणि एखाद्या रात्री फिट आलीच, तर शेजारी झोपलेल्या माणसाला काय करायचं हे ठाऊक नसेल. तुझ्या सुरक्षिततेतला अर्धा वाटा गोळीचा आहे आणि अर्धा घरातल्या एका तरी माणसाला माहीत असण्याचा.

लग्न मोडेल ही भीती आहे, मला कळतं. कायद्याच्या बाजूने एक बदल आईला जरूर सांग. हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी वारंवार फिट येणं हे विवाहाच्या आड येणारं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. आज एपिलेप्सी आहे एवढ्या कारणाने कोणाचं लग्न बेकायदा ठरत नाही. पण लपवलेली गोष्ट ‘फसवणूक’ म्हणून कोर्टात मांडली जाऊ शकते, आणि तशी प्रकरणं लढवली जातात. म्हणजे कायद्याच्या नजरेतही अडचण आजाराची कमी आणि लपवण्याची जास्त आहे.

सांगायचं ते आधी मुलाला, थेट, तू स्वतः. मध्यस्थामार्फत नको, कारण मध्यस्थाच्या तोंडून ‘तिला आकडी येते’ एवढंच पोचतं. साधारण असं म्हण: “मला अकरावीपासून एपिलेप्सी आहे. रोज दोन वेळा गोळी घेते. तीन वर्षं फिट आलेली नाही. झोप आणि गोळी सांभाळली की मी नोकरी, घर सगळं करते, तुम्ही पाहताच आहात. मूल हवं असेल तेव्हा आधी औषध बदलावं लागेल. माझ्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, तुमचे प्रश्न त्यांनाच विचारा.” तो पहिल्यांदा गप्प झाला तर लगेच त्याचा अर्थ लावू नकोस, दोन-चार दिवस दे. घरच्यांना कसं सांगायचं ते मग दोघं मिळून ठरवा. मुलांना हा आजार होईल का, हे नक्की विचारलं जाईल. जेएमईमध्ये आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, इतरांपेक्षा शक्यता जरा जास्त असते, तरी अशा आयांच्या बहुतेक मुलांना एपिलेप्सी होत नाही. आणि हे सगळं ऐकून त्यांनी नाही म्हटलं, तर तुला फार वाईट वाटेल. पण ते घर तुझ्या गोळीची वेळ सांभाळणारं नव्हतं, हे लग्नाआधी कळलेलं बरं.

मावशीचं चूर्ण बाजूला ठेव. फिटवरच्या चूर्णांत फेनोबार्बिटोनसारखं आधुनिक औषधच न सांगता मिसळलेलं तपासणीत सापडल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. गुण येतो तो त्या औषधाचा, आणि मात्रा कोणालाच माहीत नसते. मावशीने प्रेमाने दिलंय, तेव्हा तिला दुखवू नकोस. डॉक्टरांनी नाही म्हटलं एवढं सांगणं पुरे.

रोजच्या सवयींचं आता लिहिते. एखादा डोस विसरलीस आणि लवकर आठवला तर लगेच घे. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे, दोन एकत्र नकोत. तुझ्या गोळीसाठी ‘जवळ’ म्हणजे किती तास, हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घे. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा पटकन ओढून घेते, म्हणून आठवड्याच्या डबीत सुट्या काढून ठेवू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. कात्रीने स्ट्रिपचे तुकडे कापून ठेव. नावापुढे सीआर किंवा ईआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही. केमिस्टने ‘तीच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी दिली तर डॉक्टरांना विचारून मगच घे. घरात नेहमी पंधरा दिवसांचा जादा साठा हवा, आणि प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.

दुसऱ्या कोणत्याही दुखण्यासाठी औषध घेताना ‘मी फिटची गोळी घेते’ हे पहिलं वाक्य असू दे. जुलाबाला सर्रास दिली जाणारी ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं आणि दुखण्यावरची ट्रामाडोल यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं व्हॅल्प्रोएटचं रक्तातलं प्रमाण एकदम खाली आणतात, हे सोबतच्या माणसालाही माहीत हवं. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात जाऊ देऊ नकोस. त्यांनीही फिट येऊ शकते. नवं औषध सुरू झाल्यावर पुरळ, तोंडात फोड, सतत उलट्या, डोळे पिवळे होणं किंवा विचित्र गुंगी दिसली तर त्याच दिवशी दाखव.

तुझ्या आजारात सकाळ जपायची असते. उठल्यानंतरचा पहिला तासभर उकळत्या दुधाचं पातेलं उचलायचं नाही, चहाचं आधण नवऱ्याने उतरवलं तरी चालतं. हातांना पुन्हा झटके बसायला लागले तर तो इशारा समज: खाली बस, आणि डॉक्टरांना कळव. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, बादली घेऊन स्टुलावर बसून अंघोळ करायची, डोक्यावर कडकडीत पाणी ओतायचं नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो बाहेर काढायला सांग. त्याच्या विषारी वायूने ज्यांना एपिलेप्सी नाही तेही बेशुद्ध पडलेले आहेत, फिट आलेल्या आहेत. विहीर, नदी, समुद्र इथे एकटीने उतरायचं नाही.

वरातीतले डीजेचे लखलखणारे दिवे तुला चालतात का, हे ईईजीच्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगतील. जेएमई असलेल्या साधारण एकतृतीयांश लोकांना अशा उजेडाने त्रास होतो. त्रास वाटला तर डोळे मिटण्यापेक्षा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तिथून बाजूला हो. हरतालिकेचा निर्जळी उपास तुझ्यासाठी नाही. गोळी पाण्याबरोबर, वेळेवर. पहिल्या मंगळागौरीला झिम्मा-फुगडी भरपूर खेळ, पण ती संध्याकाळी ठेवा आणि रात्री झोप. जागरण करणाऱ्या इतर बायका भरपूर असतात.

स्कूटीचं तू लिहिलं नाहीस, पण पतसंस्थेत तू कशी जातेस? लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट येतात का हे सरळ विचारलेलं असतं आणि खोटं लिहून सही करणं योग्य नाही. सध्या चालवावी का, हे डॉक्टरांना विचार. गोळी बदलण्याच्या काळात तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत चालवायचीच नाही.

होणाऱ्या नवऱ्याला एवढं पाठ करायला सांग. फिट आली की घड्याळ बघायचं. आजूबाजूचं टोकदार, गरम काही बाजूला सारायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली यांतल्या कशाचाही उपयोग नसतो. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, मार लागला, किंवा गरोदरपणात आली तर १०८ ला फोन. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

चार महिने हातात आहेत, ते औषध बदलण्यासाठी कमी पडू शकतात. या आठवड्यातच अपॉइंटमेंट घे. जाताना जुना ईईजी, सगळ्या चिठ्ठ्या, आता चालू असलेल्या गोळ्यांची स्ट्रिप, पाळीच्या तारखा आणि शेवटची फिट कधी आली त्याची नोंद ने. लग्नाची तारीख सांग. गोळी आधी बदलायची की लग्नाची धावपळ संपल्यावर, हे तेव्हा ठरेल. कदाचित डॉक्टर म्हणतील की लग्नाच्या आठवड्यात काहीच हलवू नका, पुढे बदलू, तोवर मूल नको. तेही चालेल. आईला सोबत घेऊन जा, आणि तिचा ‘आता बंद केल्या तर?’ हा प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू दे.